'ये' म्हटलं की यायचं

माझ्या व्यवसायात यश ओळखायची एकच खूण आहे. जिने कधीकाळी समोर बसून डोळे पुसत विचारलेलं असतं, "मॅडम, हा बोलेल ना हो?", तीच आई वर्षभराने फोन करून म्हणते, "मॅडम, ह्याला गप्प कसं करायचं ते सांगा!" असा फोन आला की मी त्या दिवशी स्वतःसाठी गरम बटाटेवडे मागवते आणि दार लावून एकटी खाते.

मी वाचोपचारतज्ज्ञ आहे. हा शब्द इतका अवघड आहे की माझ्याकडे येणारं मूल तो म्हणू लागलं तर त्याला माझी गरज नाही असं खुशाल समजावं. आमच्या सोसायटीचा वॉचमन मला 'बोलायला शिकवणाऱ्या बाई' म्हणतो आणि तेच बरोबर आहे. मुलुंडला तळमजल्यावर माझी एक खोली आहे. तिथे सतरंजी, चार चेंडू, साबणाचे फुगे आणि भातुकलीचा एक कुकर, एवढं भांडवल. आता मी नवीन मुलं घेत नाही, जुन्यांचीच लग्नं खाते.

या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी 'गमतीजमती लिहा' असं सुचवलं होतं. गमती आहेतच. कांदिवलीचे एक आजोबा नातवाला घेऊन यायचे आणि मलाच धीर द्यायचे. "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. ह्याचा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर गप्प होता. आता वकील आहे, थांबत नाही." अंधेरीच्या एका आईची अट होती की मुलाचा पहिला शब्द इंग्रजीच हवा, शाळेच्या मुलाखतीला उपयोगी पडेल असा. मुलगा 'झुरळ' म्हणाला. मला तो आनंद आठवडाभर पुरला.

अशी बरीच पोरं आहेत. पण लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आली ती मुलुंड पूर्वेची एक लख्ख दुपार. त्या घराची परवानगी आहे, नावं तेवढी बदलली आहेत. गमती पुढच्या कुणीतरी लिहाव्यात.

आधी थोडं धंद्याविषयी. मूल उशिरा बोलतंय म्हटलं की मी पहिल्यांदा कान तपासून घेते. मग त्याला समजतं किती ते बघते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे दोन्ही ठीक असेल तर मी मुलाला सोडते आणि घरच्यांना धरते. घरच्यांना एकच गोष्ट येत असते, तोंडी परीक्षा घेणं. "हे काय आहे? सांग! काऊ म्हण, काऊ! म्हण ना!" चिमुरडं बिचारं तोंड उघडेपर्यंत आई उत्तर देऊन मोकळी. मुंबईच्या माणसाला सगळं जमतं, थांबणं जमत नाही. शब्द एकदा म्हणायचा, मुलाच्या डोळ्यांत बघायचं आणि गप्प बसायचं. त्या शांततेत मूल काम करत असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलाने शब्द उच्चारला की त्याचं फळ तिथल्या तिथे मिळालं पाहिजे. 'दे' म्हणाला की द्यायचं. 'ये' म्हणाला की हातातली फोडणी बंद करून यायचं. पहिले काही दिवस अगदी राजाच्या हुकमासारखं पाळायचं. शब्दाने जग हलतं हे एकदा कळलं की मूल दुसरा शब्द स्वतःहून शोधायला निघतं. म्हणून मी लाल-पिवळा, ए-बी-सी असले शोभेचे शब्द शिकवत नाही. कामाचे शिकवते. दे, ये, नको, अजून, आणि मुलांचा सगळ्यात आवडता, गेलं. चेंडू दिवाणाखाली घरंगळला की दोन्ही हात पसरून 'गेला!' असं म्हणायला पोरांना फार गंमत वाटते.

हे सगळं मी सायलीला, म्हणजे इराच्या आईला, पहिल्या दिवशी सांगितलं. इरा अडीच वर्षांची होती. कान उत्तम, समज उत्तम, शब्द एकही नाही. सायली आणि तिचा नवरा निखिल, दोघं नोकरीवाले, म्हणून सुट्टीच्या दुपारी मीच त्यांच्या घरी जायचे. घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या बांधणीचं. पुढे हॉल, मागे एक खोली आणि दोघांना जोडणारा लांबलचक पॅसेज. त्या पॅसेजला दिवसाही दिवा लागायचा. मागच्या खोलीत निखिलचे वडील, आबा. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि त्यात त्यांचीही वाचा गेली होती. एक 'हं' तेवढा उरला होता. वॉकर धरून हळूहळू चालायचे.

निखिलची आई, सुमनताई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आवाज अजून खणखणीत. दार उघडतानाच त्यांनी मला सुनावलं, "आयुष्यभर लोकांना लोकांशी बोलायला जोडून दिलं मी, आणि माझ्याच घरात दोन मुके! काय म्हणावं याला?"

मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

घरात सगळ्यांत घाई नसलेला माणूस कोण, हे मी नेहमी शोधते. इथे ते आबा निघाले. सायली तीन मोजायच्या आत "म्हण ना, पिल्लू" करायची, निखिलचा हात फोनकडे जायचा, सुमनताई तर वाक्यच पूर्ण करून टाकायच्या. आबा मात्र मागच्या खोलीच्या दारात वॉकर धरून उभे राहायचे आणि पॅसेजच्या या टोकाला माझ्या मांडीत बसलेल्या इराकडे बघत राहायचे. ज्याचा स्वतःचा शब्द घशात अडकलेला असतो, त्याला दुसऱ्याच्या शब्दासाठी थांबता येतं. मी म्हणायचे, "आबा, ये." आणि गप्प. आजोबांना अरे-तुरे केल्याबद्दल सुमनताईंनी भुवया उंचावल्या होत्या. पण लहान मुलाला 'या' आणि 'ये' दोन्ही शिकवायला वेळ कुणाला आहे?

किती तरी खेपा फुकट गेल्या. मग एका दुपारी इरा माझ्या मांडीतून उठली, पॅसेजच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "ये."

आबा निघाले. त्यांच्या वॉकरच्या एका पायाचं रबर पडलं होतं. तीन पाय मुके आणि एक बोलका, असा तो वॉकर. सर्र... टक. सर्र... टक. लादीवरून ते हळूहळू येत राहिले आणि इरा आनंदाने थरथरत उभी. ते पोचले तेव्हा तिने त्यांच्या धोतराला मिठी मारली आणि लगेच त्यांना मागे ढकललं. परत जा, म्हणजे परत बोलावते!

त्या दिवसापासून दिवसभर तेच. इरा बोलवायची, आबा यायचे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ज्यांनी कधी केला नाही, ते पॅसेजमध्ये येरझारा घालू लागले. सुमनताई म्हणायच्या, "बघा! मी जन्मभर हाका मारल्या, पेपरातून मान वर नाही केली या माणसाने. आता नातीच्या एका 'ये'वर धावतायत." मग 'दे' आला, 'अजून' आला, 'नको' तर दणकून आला. झकास चाललं होतं.

'गेलं'शी मात्र घोडं अडलं. मी चेंडू दिवाणाखाली सोडला, हात पसरले आणि 'गेला!' म्हटलं. सुमनताई स्वयंपाकघरातून आल्या.

"हा शब्द माझ्या घरात नको."

"सुमनताई, चेंडू गेला म्हणतेय मी."

"कशालाही नको. हे हॉस्पिटलात होते तेव्हा एकाने फोनवर विचारलं होतं मला, गेले का म्हणून. त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी जात नाही. दूधवालासुद्धा येतो म्हणूनच जिना उतरतो. दुसरा काय तो शब्द शिकवा."

यात वावगं काय होतं? तुमच्याआमच्या घरात हेच चालतं. बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणालं तर आजही आपण टोकतो, 'येतो म्हणावं.' मी पालकांशी कशाकशावरून भांडलेली बाई आहे, पण म्हाताऱ्या बायकोची अशी भीती मोडण्यात मला रस नव्हता. मी चेंडू बाहेर काढला आणि 'अजून' घेतला. त्या घरात इराने जाणारा माणूस रोज पाहिला, पण प्रत्येक जाणारा 'येतो' म्हणायचा आणि खरंच यायचा.

आबा एका दुपारी झोपेतच गेले.

इराला सायलीच्या माहेरी बोरिवलीला पाठवलं. लहान पोरीने हे बघायला नको, असं सगळ्यांचं मत पडलं. मी भेटायला गेले तेव्हा मागच्या खोलीत पलंगाच्या जागी दिवा होता. सुमनताई काही बोलल्या नाहीत, मीही नाही. सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मुकाट्याने चपला घालून मी जिना उतरले. इतक्या बोलक्या घरातून एक शब्द न बोलता बाहेर पडताना मला फार वाईट वाटलं.

दिवसकार्य आटोपल्यावर इरा परत आली आणि आमच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. "आबा कुठे आहेत म्हणून विचारत नाही ना ती, मग कशाला सांगायचं?" असं निखिलचं म्हणणं. ती विचारणार कशाने, तिच्याकडे शब्द चारच, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे ना, मॅडम."

त्या पहिल्याच दुपारी आम्ही हॉलमध्ये फुगे फुगवत होतो. बाहेर कडक ऊन, समोरच्या इमारतीत कुणी तरी लादी कापत होतं. इरा मधेच उठली, पॅसेजच्या तोंडाशी गेली आणि म्हणाली, "ये."

सायलीने ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहिलं. मी तिला हातानेच थांब म्हटलं. सवय आहे, सुटेल, असं मला वाटत होतं. इरा थांबली. छान थांबायची ती, आबांनीच शिकवलं होतं. मग तिची मान हळूहळू वर झाली, पॅसेजच्या त्या टोकाला कुणी मोठं माणूस उभं असावं तशी, आणि ती खुदकन हसली. दोन्ही हातांनी समोरच्या मोकळ्या जागेला लांबूनच मागे ढकललं.

"रोज करते," सायली कुजबुजली. "बोरिवलीला नव्हती करत. इथे आल्यापासून."

सुमनताई खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

"काय?"

"नीट ऐका पुढच्या वेळी."

इराने पुन्हा बोलावलं. लादी कापायचा आवाज नेमका थांबला होता. आणि मागच्या खोलीच्या दिशेने, अगदी हलका, मी तो ऐकला. सर्र... टक.

माझा भुताखेतांवर विश्वास आहे का, असं कृपा करून विचारू नका. माझं अर्धं शिक्षण ऐकू येण्याच्या चाचण्या घेण्यात गेलंय. कुठला आवाज कानात आहे आणि कुठला मनात, हे लोकांना विचारून विचारून माझी हयात गेली. तो आवाज कानात होता. माझ्या हातातली साबणाच्या पाण्याची डबी सतरंजीवर सांडली आणि मी ती पुसत बसले, कारण मला मान वर करायची नव्हती.

संध्याकाळी निखिलला फोन केला. तो हसला. "मॅडम, तुम्ही पण? वॉकर खाली फडणीस काकांना दिलाय. त्यांचा आवाज वर येतो. आईला सांगून थकलो यार मी."

मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. पुढच्या खेपेला मी मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर थांबले. फडणीसांचं दार उघडंच होतं. वॉकर चपलांच्या स्टँडमागे घडी करून ठेवलेला. फडणीसकाकू म्हणाल्या, "ह्यांना मेला हातच लावायचा नाही त्याला. म्हातारा दिसतो म्हणतात. निखिल बिचारा नवी रबरं बसवून देऊन गेला." मी वाकून बघितलं. चारी पायांना नवी कोरी काळी रबरं होती. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा तो एक जिना चढायला मला बराच वेळ लागला.

आता खरी काळजी सांगते. मूल उशिरा बोलतं याची आम्हाला फारशी भीती वाटत नाही. आलेले शब्द परत जाऊ लागले की मात्र वाटते. इराचा 'अजून' गेला. मग 'दे' गेला. 'नको' म्हणणारी पोर समोर आलेला घास मुकाट्याने घेऊ लागली, मग घेईनाशी झाली. आईने हाक मारली तर वळेना. मी तिला लगोलग बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. राहिला तो एकच शब्द, 'ये'. तो म्हणायचा आणि पॅसेजच्या तोंडाशी बसून राहायचं. तिचे डोळे दिवसेंदिवस मोठे दिसू लागले होते.

आणि आवाज जवळ येत होता. आधी तो मागच्या खोलीतच असायचा. मग बाथरूमच्या दाराशी ऐकू आला. एकदा सायली पॅसेजमधून कपडे घेऊन येत होती आणि आवाज तिच्या मागून आला. ती तशीच पुढे येत राहिली, वळली नाही. हॉलमध्ये येऊन तिने कपडे खाली ठेवले आणि माझा हात धरला.

"मॅडम, तिचे शब्द हा आवाज खातोय का?"

मी तिला "असं काही नसतं," म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

निखिल घर बदलू म्हणत होता. सायलीला माहेरी जायचं होतं. दोघांनी आपापल्या परीने इराला सांगूनही पाहिलं. "आबा गेले, पिल्लू. देवबाप्पाकडे गेले." इरा त्यांच्याकडे बघायचीच नाही. ती बघायची सुमनताईंच्या तोंडाकडे. मूल शब्द कानाने ऐकतं पण खरा मानतं तो चेहरा बघून, आणि तो चेहरा काय सांगत होता ते मलाही दिसत होतं.

मग एकदा मी ठरल्या वेळेआधी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. सुमनताई पॅसेजच्या तोंडाशी पाट टाकून बसल्या होत्या, मांडीवर इरा. पोरीची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती.

"एकदाच गं सोन्या," त्या म्हणत होत्या. "आणखी एकदाच. बोलाव आबांना. ये म्हण. माझं नाही ऐकत ते, तुझं ऐकतात."

इरा झोपाळलेल्या आवाजात म्हणाली, "ये."

सर्र... टक.

मी अंगातला सगळा जोर एकवटून म्हटलं, "सुमनताई!"

त्यांनी मागे पाहिलं. लाजल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. इराला उचलून दिवाणावर निजवलं, अंगावर चादर घातली आणि माझ्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाल्या, "रागवू नका. तुम्हीच सांगितलं होतं, शब्द म्हटला की त्याचं फळ मिळायला हवं. मिळतंय तिला."

"तिला की तुम्हाला?"

एक्स्चेंजमधली ही बाई गप्प बसलेली मी तेव्हा दुसऱ्यांदा पाहिली. "झटका आल्यावर दोन वर्षं त्यांना काही तरी सांगायचं होतं मला," त्या म्हणाल्या. "ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. आणि मी? मीच बोलत सुटायचे. पाणी हवंय का, कूस बदलू का. तुमच्यासारखं थांबले नाही एकदाही. आता ते हॉलपर्यंत आले ना, की मी थांबेन. कितीही वेळ थांबेन."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण दिवाणावरच्या त्या पोरीची कोवळी मूठ झोपेतही अर्धी उघडी होती, कुणी तरी धरावी म्हणून ठेवल्यासारखी, आणि ती बघून मी बोलले.

"सुमनताई, तिच्याकडे बोलवायचा शब्द आहे. निरोप द्यायचा नाही. ती बोलावत राहणार आणि ते येत राहणार. त्यांनाही परत जाता येत नसेल, आणि हिलाही त्यांना सोडून दुसरीकडे बघता येत नाहीये. हिचे चार शब्द होते, एक उरलाय. तो संपला की मी काही करू शकणार नाही."

"तुम्ही शिकवा तो शब्द. माझी हरकत नाही आता."

"माझ्याकडून नाही घेणार ती. सायलीकडून नाही घेतला. तुम्ही म्हणायला हवा, आणि मनापासून. मुलांना खोटं लगेच कळतं."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मनापासून म्हणायचा! सोपं आहे होय?"

पुढच्या दुपारी मी गेले तेव्हा सायलीने रजा घेतली होती. सुमनताईंनी आंघोळ करून इस्त्रीची साडी नेसली होती, कुणी पाहुणे निघायचे असावेत तशी. फ्लॅटचं दार त्यांनी सताड उघडलं, बाहेरचं जाळीचं दारही. चपलांच्या स्टँडमधून आबांच्या वहाणा काढल्या. उंबऱ्याबाहेर ठेवल्या, तोंडं जिन्याकडे करून. मग येऊन दिवाणावर बसल्या आणि इराला म्हणाल्या, "बोलाव."

"ये," इरा म्हणाली.

आवाज मागच्या खोलीत उमटला. मग बाथरूमपाशी. पॅसेजमधला दिवा जळत होता, त्याच्याखाली काहीच नव्हतं, नुसती लादी. सर्र... टक. सायलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. आवाज पॅसेजच्या तोंडाशी येऊन थांबला. माझ्या हाताच्या अंतरावर. मला आबांच्या तेलाचा, वातावर चोळायच्या तेलाचा वास आला. इराने मान वर केली आणि दोन्ही हात पुढे केले.

सुमनताई उठल्या. त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि थांबल्या. जन्मात कधी थांबल्या नसतील तशा. मी किती थांबायचं ते लोकांना शिकवते, पण तेवढं थांबणं मलाही जमलं नसतं. समोरून काही आलं का, त्यांना काही कळलं का, ते मी कधी विचारलं नाही. हळूहळू त्यांचा चेहरा सैल पडला.

"बरं," त्या म्हणाल्या. "कळलं मला." मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, दमलात ना? पोरगीही दमली. मी काही अडवत नाही आता. जा तुम्ही."

मराठी बाई नवऱ्याला कधी 'जा' म्हणत नाही.

सर्र... टक. आवाज आमच्या मधून गेला, सतरंजीवर एकदा बोथट झाला, पुन्हा लादीवर आला, उंबऱ्याशी क्षणभर अडला. आबांचा वॉकर तिथे नेहमीच अडायचा. मग बाहेर एकदाच, टक. त्यानंतर जिन्यात फक्त खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकू येत होता.

"गेले," सुमनताई म्हणाल्या. दोन्ही हात पसरून म्हणाल्या, मी चेंडूसाठी केले होते तसेच. त्या दिवशी स्वयंपाकघरातून त्यांनी सगळं बघितलं होतं तर.

इरा त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. मग दुडुदुडु दारापर्यंत गेली, बाहेर वाकून पाहिलं, परत आली आणि आजीच्या निऱ्या धरून म्हणाली, "आबा गेले."

दोन शब्द. एकापुढे एक. आमच्या धंद्यात या क्षणाची आम्ही महिनोन् महिने वाट बघतो. एक शब्द म्हणजे हाक, दोन जोडले की भाषा सुरू झाली. मी एरवी अशा वेळी टाळ्या वाजवते. त्या दिवशी मी बसून राहिले. सुमनताई खाली बसून, इराला कवटाळून मोठमोठ्याने रडल्या, तेराव्यालाही रडल्या नव्हत्या तशा. आणि इरा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत एकच सांगत राहिली, "आबा गेले. आबा गेले."

वहाणा उंबऱ्याबाहेर तशाच होत्या. मी निघताना बघितलं, त्यांची तोंडं जिन्याकडेच होती. निखिलने त्या नंतर कुणाला दिल्या ते मला माहीत नाही.

इराचे शब्द परत आले, आणि येताना गोतावळा घेऊन आले. आधी 'अजून', मग 'नको' आणि पाठोपाठ इतके की सायलीने काही महिन्यांनी मला तो ठरलेला फोन केला. "मॅडम, आता हिला गप्प कसं करायचं?" मी बटाटेवडे मागवले, पण त्या दिवशी दार लावून एकटीने खाववेना. सुमनताईंकडे घेऊन गेले. तीच आमची शेवटची भेट असं ठरवलं होतं.

निघताना मी सवयीने म्हणाले, "येते हं."

इरा दारात आली. माझ्याकडे मान वर करून तिने पाहिलं आणि बोट दाखवून हुकूम सोडला, "ये!"

'ये' म्हटलं की यायचं, हा माझाच नियम. मी मुकाट्याने चपला काढल्या, परत आत जाऊन दिवाणावर बसले. सुमनताई हसू दाबत बघत होत्या. मग मी इराला समोर घेतलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि स्वच्छ म्हटलं, "इरा, मी जाते."

मी थांबले. तीही थांबली. माझा चेहरा तिने नीट तपासून घेतला आणि तिची खात्री पटली.

"जा," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

तेव्हापासून मी कुणाच्याही घरातून निघताना 'येते' म्हणत नाही, 'जाते' म्हणते. लोकांना आवडत नाही. बायका पटकन टोकतात, "अहो, असं नाही म्हणू." मी ऐकून घेते, चपला घालते आणि जाते.